रविवारचा डोळा

मी आता जे सांगणार आहे त्यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच मान्य. माझ्या बायकोचा बसत नाही. मी ही गोष्ट काढली की तिला गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवतं आणि ती उठते. गॅसवर काहीही नसतं. मुलगी ऐकते, पण फोनमध्ये बघत ऐकते, म्हणजे ऐकत नाही. जावई शेवटपर्यंत मान डोलावतो, पण मी नुसतं हवामान सांगितलं तरी तो तशीच डोलावतो. तेव्हा तुम्हीही विश्वास ठेवू नका. जे घडलं ते घडलं तसं सांगतो, आणि जे घडलं नाही तेही घडल्यासारखंच सांगेन. फरक तुम्हाला कळणार नाही.

मी रंग उचलायचो. रंग लावायचो नाही, लावणारे वेगळे. कॉम्प्युटरवर फोटो उघडायचा, औषधाच्या ड्रॉपरसारखं एक चिन्ह असतं ते फोटोवर न्यायचं, हव्या त्या ठिपक्यावर टिचकी मारायची. की त्या ठिपक्याचा रंग बाजूच्या चौकोनात येऊन बसतो आणि खाली त्याचा सहा अक्षरांचा कोड उमटतो, आकडे आणि इंग्रजी अक्षरं यांची सरमिसळ. त्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. बायकोही तेच म्हणते. पण माझा हात असा बसला होता की स्क्रीनवर माशी बसली तर तिचा कोड घेतल्याशिवाय मी तिला उडू द्यायचो नाही. एकदा एका फोटोतल्या टोमॅटोवर इतक्या टिचक्या मारल्या की सगळा लाल निघून आला आणि फोटोत टोमॅटो हिरवा पडला. हे कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याने स्वतः पाहिलंय. तो आता दुसऱ्या शहरात असतो, नाहीतर त्याला साक्षीला उभा केला असता.

हे काम मी करायचो ते एका कार्यशाळेत, चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खालच्या दुकानाची पाटी मोठी, आमची पाटीच नाही. ज्याला आमची गरज पडायची त्याला डॉक्टर पत्ता सांगायचे. आम्ही नकली डोळे बनवायचो.

बनवायच्या त्या डोळेबाई. कपाळावर भिंगाचा चष्मा, बोटांच्या टोकांना कायम रंग. नकली डोळा म्हणजे लोकांना गोटीसारखा वाटतो. तो असतो शिंपल्यासारखा, खोबणीत बसेल असा. बाई त्यावर बुबुळ रंगवायच्या, थरावर थर चढवून, पांढऱ्यावर लाल रेशमाचे धागे एकेक करून चिकटवायच्या, त्या शिरा. वरून पारदर्शक थर, मग चाकावर घासून चकाकी. भिंतीला लागून खणांचं कपाट, खणांत कापूस, कापसात डोळे. नवीन माणूस आला की त्याला वाटायचं आपल्याकडे बघतायत. जुन्यांना वाटायचं आपल्याकडे बघत नाहीत. मी बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरपाशी, बाई आतल्या खोलीत. मला त्या ड्रॉपरराव म्हणायच्या. प्रेमाने नव्हे.

तर एक दिवस क्रेनवाला आला. डाव्या डोळ्यावर पट्टी. उंच इमारतींच्या कामावर मोठी क्रेन असते ना, तिच्या टोकाच्या केबिनमध्ये बसणारा. तो वर बसून लोखंड उचलायचा. एक दिवस खाली आला असताना तारेचा दोर तुटला आणि त्याचं टोक नेमकं त्याच्याच डोळ्यावर. वर इतकी वर्षं काही झालं नाही, खाली जमिनीवर झालं. कंपनीने त्याला तूर्त खाली वजनकाट्यावर बसवलं होतं. डॉक्टरांची चाचणी पास झाला की परत वर, असा शब्द दिला होता.

"नकली आहे हे कळत नाही ना?" त्याने विचारलं.

"कोणाला?" बाईंनी विचारलं. हे त्या सगळ्यांना विचारायच्या.

"आईला."

बाईंनी भिंग कपाळावर सरकवलं. "बायकोला म्हणाला असतात तर सोपं होतं. लग्नाला वर्ष झालं की बायको नवऱ्याच्या डोळ्यांत बघत नाही. आई म्हणजे अवघड काम."

"आईला कळलं तर ती येऊन मला घेऊन जाईल."

"एवढ्या मोठ्या माणसाला?"

"तुम्ही आईला ओळखत नाही," तो म्हणाला.

मग सगळं सांगितलं. आई दूर, गावी, एकटी. क्रेनवर चढायला तिने एकाच अटीवर परवानगी दिली होती: जसा जातोयस तसा परत यायचं. काही कमीजास्त झालं की मी पहिल्या गाडीने येणार, कॉलर धरून घरी आणणार, आणि परत जिना चढू देणार नाही, क्रेनचा सोडच, गच्चीचाही. आणि ती एकदा बोलली की बोलली. क्रेनवाल्याला केबिनमध्ये परत जायचं होतं. त्याला दुसरं काहीच नको होतं. वरून माणसं कशी दिसतात हे तो सांगायला लागला की त्याची पट्टीसुद्धा हसल्यासारखी वाटायची. तेव्हा आईला कळता कामा नये.

"ती तुम्हाला बघते कुठे?" मी विचारलं.

"फोनवर. दर रविवारी व्हिडिओ कॉल. सध्या मी अर्धाच चेहरा दाखवतो, नेटवर्कचं कारण सांगून."

"आणि ती मानते?"

"ती म्हणते, नेटवर्क नेहमी डाव्याच बाजूचं कसं जातं?"

आमच्याकडची पद्धत अशी की नकली डोळा चांगल्या डोळ्यावरून जुळवायचा. पण त्या दिवसांत त्याच्या उजव्या डोळ्यातही डॉक्टरांचे थेंब चालू होते; मधला काळा ठिपका एवढा पसरलेला की बुबुळाची नुसती कडा उरली होती. त्यावरून काय रंग घेणार? म्हणून मी जुना फोटो मागितला. त्याने पाठवला: गाव सोडायच्या दिवशीचा, गाडीच्या पायरीवर एक पाय, चेहरा एका बाजूने, उजव्या डोळ्यावर छान उजेड. मी डोळा मोठा करत नेला. मोठा करत गेलं की शेवटी डोळा उरत नाही, चौकोनी फरशा उरतात. त्यातली सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात उजळ फरशी मी निवडली आणि टिचकी मारली. कोड आला: बी-आठ-सी-सात-डी-नऊ. पहाटेच्या धुक्यासारखा फिका निळा.

"ड्रॉपरराव," बाई म्हणाल्या, "हा माणूस निळ्या डोळ्यांचा आहे?"

"मशीन म्हणतंय."

"आणि तुम्हाला काय दिसतंय?"

"मला दिसण्याचा पगार मिळत नाही, टिचकीचा मिळतो."

बाईंनी मग मुद्दाम तो डोळा निळाच रंगवला. मला धडा शिकवायचा असला की त्या साहित्याची पर्वा करायच्या नाहीत. क्रेनवाला आला, डोळा बसवला, आरशात पाहिलं आणि आरसा उलटा करून ठेवला.

"हा कुठल्या मांजराचा?"

फोटो पुन्हा उघडला. या वेळी थोडा कमी मोठा केला. तेव्हा दिसलं की उजव्या डोळ्याच्या ओल्या पृष्ठभागावर एक इवलीशी आकृती उभी आहे, दोन्ही हात वर, हातात फोन. फोटो काढणारी. अंगात निळा स्वेटर.

"आई," क्रेनवाला म्हणाला. स्क्रीनवर वाकला. मग म्हणाला, "स्वेटरचं कोपर फाटलंय. दिसतंय का?"

"नाही," मी म्हणालो.

"फाटलंय पण."

म्हणजे मी डोळ्याचा नाही, आईच्या स्वेटरचा रंग उचलला होता. ही चूक माझी नाही, हे मी तेव्हाही सांगितलं आणि आताही सांगतो. फोटो काढताना माणसाने समोर उभं राहू नये.

थेंब बंद झाले, ठिपका आकसला, तेव्हा बाईंनी दुसरा डोळा केला. त्याला खिडकीपाशी बसवून, समोरासमोर बघून, कॉम्प्युटरशिवाय. तपकिरी, कडेला गडद, आत थोडा मधासारखा. असा बेमालूम झाला की मी स्वतः एकदा चुकून त्या डोळ्याकडे बघून त्याच्याशी बोललो आणि उत्तर आल्यासारखं वाटलं. क्रेनवाल्याने आरसा खाली ठेवलाच नाही. सगळं झालं, आता चहा पिऊन उठायचं, एवढ्यात बाई म्हणाल्या, "थांबा. आता मी आई होते." आणि आपला फोन घेऊन त्या जिन्यात गेल्या आणि तिथून त्याला व्हिडिओ कॉल लावला.

परत आल्या त्या कपाळाला हात लावूनच. "तुम्ही माझ्यावर एका डोळ्याने चिडलाय."

खरंच. खोलीत दोन्ही डोळे सारखे; फोनच्या स्क्रीनवर उजवा तपकिरी आणि डावा विटेसारखा लाल. यात जादू काही नाही. आपला डोळा आणि कॅमेऱ्याचा डोळा यांचं रंगांच्या बाबतीत पटत नाही. माणसाच्या बुबुळाचा तपकिरी वेगळ्या गोष्टींचा बनलेला, बाईंच्या बाटलीतला वेगळ्या. आपल्याला दोन्ही एकच वाटतात, कॅमेऱ्याला वाटत नाहीत. आजवर आमच्याकडे आलेल्या कोणालाच फक्त फोनवरच्या आईसाठी डोळा नको होता, म्हणून हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

क्रेनवाला खुर्चीत बसला तो बसलाच. "मग संपलं," म्हणाला.

"संपलं कसं?" मी म्हणालो. "आता तर माझं काम सुरू झालं."

आणि इथून पुढचं कोणी मानत नाही.

युक्ती साधी होती. आई त्याला समोर बघतच नाही, स्क्रीनवर बघते. मग डोळा माणसाशी कशाला जुळवायचा, स्क्रीनशी जुळवू. आतल्या खोलीत ट्यूबलाइटखाली क्रेनवाल्याला बसवला, त्याचा फोन त्याच्यासमोर, आणि तो कॉल माझ्या कॉम्प्युटरवर. मी चांगल्या डोळ्यावर टिचकी मारायची, कोड घ्यायचा; नकली डोळ्यावर टिचकी मारायची, कोड घ्यायचा; दोन्ही ओरडून सांगायचे. आत बाई रंग बदलणार, परत डोळा बसवणार, परत टिचकी. या वेळी मी एका फरशीवर विसंबलो नाही, आख्ख्या बुबुळाची सरासरी काढली.

"उजवा पाच-सी-तीन-ए-एक-ई! डावा सात-एक!"

"पुढचं सांगा!"

"पुढचं सांगण्यासारखं नाही!"

"लाल कमी करू?"

"कमी करा. अहो एवढा नाही, आता हा माणूस आजारी दिसायला लागला!"

इतर ठिकाणी जवळपास जुळलं की थांबतात. मी थांबत नाही. सहाच्या सहा अक्षरं जुळली पाहिजेत, हा माझा हट्ट. बाई वैतागल्या, क्रेनवाल्याच्या पापण्या सुजल्या, खालच्या चष्मेवाल्याने दोनदा वर येऊन विचारलं की कोणाचा खून होतोय. शेवटी जुळलं. उजवा पाच-सी-तीन-ए-एक-ई. डावा पाच-सी-तीन-ए-एक-ई. स्क्रीनवर दोन जुळे भाऊ.

मग मी मान वळवून खऱ्या क्रेनवाल्याकडे पाहिलं. डावा डोळा जांभळा होता. दौतीतल्या शाईसारखा.

"कसा दिसतोय?" त्याने विचारलं.

"फोनवर उत्तम," बाई म्हणाल्या.

त्याला तेवढंच हवं होतं. आईच्या जुन्या फोनवर सगळं जग पिवळं दिसायचं म्हणे, तरी काही बिघडत नव्हतं. दोन्ही डोळे सारखेच पिवळे दिसणार. फक्त एक अडचण: हा मेळ आमच्या ट्यूबखालीच बसायचा, उन्हात परत बिघडायचा. म्हणून ठरलं की रोज वापरायला खिडकीपाशी केलेला डोळा, आणि दर रविवारी त्याने आमच्याकडे यायचं, डोळा बदलायचा, ट्यूबखाली बसून आईशी बोलायचं.

पहिल्या रविवारी मी आणि बाई फोनच्या मागे उभे राहून ऐकत होतो.

"ऐकू येतंय का?" आईचा आवाज.

"येतंय, आई."

"मग एवढा लांबून का बोलतोस? जवळ ये. अजून जवळ. कपाळ नको दाखवू, कपाळ पाहिलंय मी." मग तिचा नुसता श्वास ऐकू यायला लागला, फोन नाकाशी धरल्यासारखा. बाईंनी माझं मनगट धरलं; त्यांची नखं मोठी आहेत. "बरं," आई म्हणाली. "जेवलास का?"

आमचा जीव भांड्यात पडला.

पुढचे रविवार सुरळीत गेले. तो डोळा बाईंच्या हातचा नसून माझ्या हातचा आहे, असं मी लोकांना सांगायला लागलो. त्या डोळ्याचे गुणही तसेच निघाले. एकदा क्रेनवाला घाईत तोच घालून बाहेर पडला, तर आपोआप उघडणारी काचेची दारं तो समोरच्या फुटपाथवरून जाताना उघडायला लागली. त्याच्या फोनने तर चेहरा ओळखायचा म्हणून जांभळाच डोळा मान्य केला; तपकिरी घालून समोर गेला की म्हणायचा, आपण कोण? एका दुकानातल्या टीव्हीसमोर उभा राहिला तेव्हा आतल्या निवेदिकेने बातम्या थांबवून त्याच्याकडे पाहिलं, असं तो म्हणाला. तो नाही म्हणाला, मी म्हणतोय. पण पाहिलं असणार.

फक्त आईचे प्रश्न वाढत होते.

"मागे ती भिंत कसली रे? दर वेळी तीच."

"ऑफिसची."

"रविवारी ऑफिस?"

"काम असतं."

"आणि मागे खोकतं कोण?"

क्रेनवाल्याने माझ्याकडे पाहिलं. "साहेब."

"साहेबांना औषध घ्यायला सांग. छातीतला खोकला आहे."

मग तो रविवार आला. चाचणी दोन दिवसांवर होती. डॉक्टर म्हणाले होते, हरकत दिसत नाही. क्रेनवाला खुशीत होता. आल्या आल्या त्याने तपकिरी डोळा काढून बाईंच्या हातात दिला, घासून चकाकी करायला, आणि जांभळा घालून आत ट्यूबखाली बसला. बाईंनी चाक सुरू केलं. मी बाहेर. जिन्यात पावलं वाजली, हळू पण न थांबणारी, आणि दारात एक बाई उभी राहिली. हातात कापडी पिशवी, श्वास लागलेला, पण नजर श्वासाच्या आधी खोलीत शिरून सगळीकडे फिरून आलेली.

"माझा मुलगा इथे येतो म्हणे. क्रेनवर असतो."

ती आधी त्याच्या खोलीवर गेली होती. तिथल्या जोडीदाराला क्रेनवाल्याने एकच गोष्ट कोणाला सांगायची नाही म्हणून बजावलं होतं, आणि त्याने तीच पहिल्या वाक्यात सांगितली होती: चष्म्याच्या दुकानाच्या वर.

मी खाकरलो. काही सुचेना की मला खोकला येतो.

"तुम्हीच ते साहेब," ती म्हणाली. "औषध नाहीच घेतलंत."

मी मोठ्याने म्हणालो, आत ऐकू जावं म्हणून, "या या ताई! क्रेनवाल्याच्या आई का तुम्ही? बसा, बसा!"

आत चाक गप्पकन थांबलं. मग काहीतरी टण्णकन उडालं आणि फरशीवर घरंगळत गेलं. बाईंच्या हातून तपकिरी डोळा निसटला होता. आता आत एक जांभळ्या डोळ्याचा माणूस आणि डोळेबाई, दोघंही जमिनीवर पालथे. बाहेर मी. डोळा सापडेपर्यंत आईला थोपवायचं काम माझ्याकडे. यासाठी माझ्याइतका लायक माणूस त्या शहरात दुसरा नव्हता, हे मी नम्रपणे नमूद करतो.

ती बसली नाही. कपाटाचा एक खण उघडा होता, त्यात तिने डोकावलं. "हे काय बनवता?"

"बाहुल्यांचे डोळे."

"एवढे मोठे?"

"मोठ्या बाहुल्या असतात. दुकानांच्या काचांमागे उभ्या करतात, कपडे घालून."

तिने एक डोळा कापसातून उचलून उजेडात धरला. "बाहुलीच्या डोळ्यात लाल शिरा कशाला?"

"उशिरापर्यंत उघडी असणारी दुकानं असतात, ताई. जागरण होतं."

तिने डोळा परत ठेवला, अगदी होता तसा, तोंड वर करून. "आणि माझा मुलगा इथे काय करतो?"

"नमुना म्हणून बसतो. त्याच्या डोळ्यांच्या रंगाला फार मागणी आहे. गेल्या हंगामात तर सगळ्या बाहुल्यांना तोच हवा होता."

आतून क्रेनवाल्याचा दबका आवाज आला, "तिकडे नाही, कपाटाखाली बघा!"

"कपाटाखाली काय आहे?" आईने विचारलं.

"उंदीर."

"म्हणजे नमुना म्हणून बसायचं आणि वर उंदीरही पकडायचे?"

"रविवारी माणसं कमी असतात ना."

ती आतल्या दाराकडे निघाली. मी खुर्ची सरकवून वाटेत उभा राहिलो. माझ्यापेक्षा ती हातभर बुटकी होती, पण मलाच वर बघून बोलावं लागतंय असं वाटत होतं.

"भाऊ," ती म्हणाली, आवाज न चढवता. "मी रात्रभर गाडीत बसून आलेय. गोष्टी ऐकायला नाही आले. त्याच्या डोळ्याला काय झालंय?"

"डोळ्याला? कोणाच्या?"

"पहिल्यांदा अर्धा चेहरा दाखवायचा. मग एकदम पूर्ण दाखवायला लागला, तेव्हापासून मला झोप नाही. काहीतरी झालंय. काय झालंय ते सांगा, नाहीतर मी त्याला आत्ता घेऊन जाते, आणि न सांगता घेऊन जाते."

आतमध्ये कपाट सरकल्याचा आवाज आला. अजून थोडा वेळ हवा होता, फार नाही. आणि मला सुचलं. आयुष्यात मला जे काही चांगलं सुचलं ते असंच, उशिरा आणि घाईत.

"ताई, माझ्यावर विश्वास ठेवू नका," मी म्हणालो. "माझी बायकोसुद्धा ठेवत नाही. मशीनवर ठेवा. मशीनला ना तुम्ही माहीत, ना तुमचा मुलगा." आणि मागच्या रविवारी कॉलमधून टिपून ठेवलेलं चित्र मी स्क्रीनवर उघडलं. क्रेनवाला ट्यूबखाली, समोर बघतोय, जेवलास का या प्रश्नाला हो म्हणतानाचा. ती स्क्रीनपाशी आली. चित्राला हात लावणार होती, पण लावला नाही.

"हे बघा. माणसाच्या डोळ्याला आजार झाला, मार लागला, काहीही झालं, की सगळ्यात आधी रंग उतरतो. झाडाच्या पानासारखं. डॉक्टरसुद्धा आता हेच बघतात." हे मी तिथल्या तिथे बनवलं. "आता हा त्याचा उजवा डोळा." मी टिचकी मारली. "काय आलं? पाच-सी-तीन-ए-एक-ई. म्हणजे तपकिरी, ठणठणीत. आता डावा." टिचकी. "वाचा तुम्हीच."

"मला इंग्रजी अक्षरं येत नाहीत."

"वाचता नाही आली तरी सारखी आहेत का ते तर दिसेल?"

तिने बोटाने एकेक अक्षर पडताळलं, वरचं आणि खालचं, वरचं आणि खालचं, शाळेत मुलं शुद्धलेखन तपासतात तसं. सहाव्यापाशी बोट थांबलं.

"सारखी आहेत."

"तीच तर गंमत! एका अक्षराचा फरक नाही. हे असं जुळणं सोपं नाही, ताई. तुमच्या मुलाच्या दोन्ही डोळ्यांचा रंग एकच आहे, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत. याचा अर्थ काय?"

"काय?"

"अर्थ हाच, की दोन्ही तुम्ही दिलेत तसेच आहेत. काही झालेलं नाही."

आतून "सापडला!" असा बाईंचा आवाज आला आणि लगेच दाबला गेला. आता फक्त धुवायचा, बसवायचा, दार उघडायचं. मी जिंकलो होतो. मी खुर्चीत बसलोसुद्धा.

आईने पिशवी जमिनीवर ठेवली. स्क्रीनवरच्या त्या दोन जुळ्या डोळ्यांकडे तिने एकदा पाहिलं, माझ्याकडे अजिबात पाहिलं नाही, आणि आतल्या बंद दाराकडे तोंड करून, जिन्यातही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली,

"साफ खोटं! याचा डावा डोळा जन्मल्यापासून उजव्यापेक्षा फिका आहे. त्याला स्वतःलाही माहीत नाही, मला माहीत आहे. दोन्ही सारखे झाले असतील, तर त्यातला एक त्याचा नाही."